काळ्या दगडावरची रेघ

दिवाळीच्या सुट्टीत केमला गेलो होतो. केम म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं आमचं गाव. पुण्याहून सोलापूरकडे जाताना जेऊर मागे पडलं की कुर्डुवाडीच्या आधी लागतं ते स्टेशन. उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकवाचे कारखाने, गावाची ओळख या दोन गोष्टींवर.

आमचं जुनं घर माळवदाचं आहे. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. चारी बाजूंनी अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडाची दाटण आणि तिच्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. हे झालं माळवद. उन्हाळ्यात बाहेर ४२-४३ डिग्री असताना आत गारेगार. पावसाळ्याआधी दरवर्षी गळती थांबवायला वर नवी पांढरी माती टाकायची. जुनी मात्र कुणी काढत नाही.

तर अप्पांचा (म्हणजे वडिलांचा) विचार असा, की माळवद उतरवायचं आणि आहे त्याच भिंतींवर सरळ स्लॅब टाकायचा. पुढेमागे वर एक खोली काढता येईल. गवंडीही हजर होता. त्याने भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "दादा, काळा दगड हाय. अडीच फुटी भिंत. शंभर वर्सं हालली न्हाई, आता काय हालतीय?"

मराठीत एखादी गोष्ट अगदी पक्की असली की आपण तिला 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. गवंडी तेच म्हणत होता. मला मात्र त्या भिंतीकडे बघून वेगळंच काहीतरी आठवलं. कॉलेजात असताना किल्लारीच्या भूकंपाचे फोटो पाहिले होते. त्यात ढिगारे होते, आणि ढिगाऱ्यांत हीच भिंत होती. हाच दगड, हीच माती, हीच जाडी. केमपासून किल्लारी सरळ रेषेत साधारण १३५ किलोमीटर.

मी कॉम्प्युटरवाला माणूस. दगडातलं मला काय कळतं? पण डोक्यात किडा शिरला की शिरला. पुढचे चार-पाच वीकेंड वाचण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात आमच्या विहिरीपासून करू. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की विहिरीच्या भिंतीवर पट्टे दिसतात. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड. मध्येच एखादा विटकरी रंगाचा पातळ पट्टा, पुन्हा काळा पाषाण. लहानपणी वाटायचं की हे विहीर खोदणाऱ्यांनीच केलंय. खरं तर आपण जणू लॉग फाईल वाचत असतो. एकेक जोडी म्हणजे लाव्हारसाचा एकेक लोट. लोटाचा आतला भाग सावकाश निवतो, तो होतो घट्ट काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, तो मांजऱ्या. पुढे त्या भोकांत खनिजं साठतात. शेतात सापडणाऱ्या चमकदार गारगोट्या त्यातल्याच. आणि तो विटकरी पट्टा म्हणजे दोन लोटांच्या मधला निवांत काळ. लाव्हा थांबला, ऊनपाऊस झाला, दगडाची माती होऊ लागली, आणि मग पुढचा लोट येऊन तिच्यावर पसरला.

हे सगळं घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा एखाद्या सुबक शंकूच्या डोंगरातून लाव्हा उडत नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून तो उतू जात होता, पसरत होता. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश आणि कर्नाटकाचे काही भाग मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. घाटातले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते याच थरांमुळे. इंग्रजीत याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आलाय.

म्हणजे ज्याला आपण 'अढळ' म्हणतो तो दगडच एका प्रचंड उलथापालथीतून जन्मला आहे. पण ती उलथापालथ इथेच का झाली? यासाठी थोडं लांब जावं लागेल. कंटाळू नका, केमला परत येतो.

१९१२ साली आल्फ्रेड वेगेनर नावाच्या एका जर्मन हवामानशास्त्रज्ञाने सांगितलं, की खंडं जागची हलतात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात हे पूर्वीही अनेकांनी पाहिलं होतं. वेगेनरने त्याला जीवाश्मांचे आणि खडकांचे पुरावे जोडले. त्यातला एक पुरावा आपल्या घरचा आहे. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या वनस्पतीच्या पानांचे ठसे नागपूर-चंद्रपूरकडच्या खडकांत सापडतात. तेच आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि चक्क अंटार्क्टिकातही सापडतात. ही सगळी जमीन कधीकाळी एकत्र होती. त्या महाखंडाला नाव मिळालं 'गोंडवन', आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून.

वेगेनरची पंचाईत अशी, की खंडं कशाच्या जोरावर हलतात हे त्याला पटेल असं सांगता येईना. बड्या मंडळींनी त्याला उडवून लावलं. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला, तेव्हा त्याची कल्पना जवळपास अडगळीतच पडली होती. ती बाहेर निघाली १९६० च्या दशकात, समुद्राच्या तळाची मोजणी झाल्यावर. महासागरांच्या मधोमध डोंगरांच्या रांगा आहेत, तिथे खालून तप्त रस येतो, नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो, हे तेव्हा लक्षात आलं. १९६७-६८ च्या सुमारास चित्र पूर्ण झालं. पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठे मोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणायचं. खालचं प्रावरण घन आहे, पण थोडं डांबरासारखं. हातोडा मारला तर तडकेल, पण लाखो वर्षं दाब राहिला तर वाहेल. त्यावरून हे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकतात.

आता या तुकड्यांच्या कडांना काय होतं ते बघा. दोन भूपट्ट एकमेकांपासून लांब गेले तर मधून लाव्हा येतो, आइसलंडसारखा. एक दुसऱ्याच्या खाली घुसला तर मोठे भूकंप होतात आणि ज्वालामुखींची माळ लागते, जपान-इंडोनेशियासारखी. भारतातला आज जागा असलेला एकमेव ज्वालामुखी, अंदमानातलं बॅरन बेट, याच प्रकारचा. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आणणारा सुमात्राचा भूकंपही त्याच रेषेवरचा. एकमेकांना घासत गेले तर कॅलिफोर्नियासारखे भूकंप. आणि दोन्हीकडे खंडंच असली तर कुणीच नीट खाली जात नाही, मग हिमालय उभा राहतो.

कडांच्या या नियमात आपला काळा दगड मात्र बसत नाही. त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. प्रावरणात काही ठिकाणी खोलवरून उष्णतेचा झोत वर येतो. त्याला हॉटस्पॉट म्हणतात (मोबाईलचा नव्हे :)). भट्टी साधारण एका जागी राहते आणि वरून भूपट्ट सरकत जातो. दिव्याच्या ज्योतीवरून कागद सरकवला तर काजळीचे डाग ओळीने उमटतील ना, तसं. भारताचा तुकडा मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे निघाला आणि वाटेत अशाच एका भट्टीवरून गेला. तेव्हा उतू गेलं ते आपलं दख्खन. पुढे त्याच भट्टीने समुद्रात डाग पाडले. लक्षद्वीप-मालदीवच्या खालची बुडालेली डोंगररांग, मग मॉरिशस आणि सगळ्यात ताजा डाग रियुनियन बेट. तिथला ज्वालामुखी आजही दर थोड्या वर्षांनी उफाळतो.

यातली एक गंमत मला फार आवडली. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या भागातून मराठी माणसं मजूर म्हणून मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. घर सोडून हजारो किलोमीटर लांब गेली खरी, पण पायाखाली दगड त्याच भट्टीतला मिळाला!

तेव्हा 'इथे पुन्हा ज्वालामुखी फुटेल का' याचं उत्तर आहे, नाही. आमच्या विहिरीतला दगड ज्या भट्टीत तयार झाला ती आता केमपासून सुमारे पाच हजार किलोमीटर लांब आहे. सरकलो आपण. आणि अजूनही सरकतोय, वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर, ईशान्येकडे. माझ्या जन्मापासून आमचं घर, विहीर, रेल्वे स्टेशन आणि उत्तरेश्वराच्या देवळासकट सव्वा-दीड मीटर पुढे गेलंय.

इथवर सगळं ठीक. घोळ पुढे आहे.

ज्वालामुखी आणि भूकंप मुख्यतः भूपट्टांच्या कडांवर होतात. आपण तर कडेपासून हजार-दीड हजार किलोमीटर आत. म्हणजे आपण सुरक्षित. ही समजूत भूपट्टांच्या सिद्धांताच्याही आधीची आहे. भारताचं द्वीपकल्प हे जगातल्या सर्वांत जुन्या आणि स्थिर भूभागांपैकी एक, असं पुस्तकांतून शिकवलं जायचं. हिमालय हलतो, दख्खन हलत नाही. काळ्या दगडावरची रेघ.

तिला पहिला तडा गेला तो नेमका त्याच वर्षी, ज्या वर्षी भूपट्टांचा सिद्धांत आकाराला येत होता. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनानगर. तीव्रता ६.३. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण धरण टिकलं. ते टिकलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार कराड-सांगलीच्या लोकांनी आयुष्यभर केला असणार.

भूकंपाच्या दृष्टीने देशाचे भाग पाडणारा सरकारी नकाशा १९६६ साली सुधारला होता. त्यात कोयना झोन १ मध्ये होतं, म्हणजे फारशी काळजी नसलेल्या भागात. १९७० च्या नकाशात ते एकदम झोन ४ मध्ये गेलं.

कोयनेच्या भूकंपाचं कारण धरणातच होतं, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागलं आणि त्याच वेळी परिसरात धक्केही सुरू झाले. पाण्याचं वजन हा त्यातला एक भाग. दुसरा भाग म्हणजे खोल भेगांत झिरपणारं पाणी. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, म्हणून सरकत नाहीत. मधल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते. तेव्हापासून कोयना-वारणा भागात ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के बसलेत. शास्त्रज्ञांनी तिथे खोल बोअर घेतली आहेत. गोठणे इथलं २०१७ मधलं बोअर तीन किलोमीटर खोल गेलं. त्यात काळा दगड सुमारे सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटसारखा खडक लागला. भूकंप होतात ते या खालच्या खडकात.

हे वाचताना मला आमच्या उजनीची धास्ती वाटली. उजनी तर ११७ टीएमसीचं, कोयनेच्या १०५ पेक्षाही मोठं, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण उजनीने कोयनेसारखी धक्क्यांची मालिका सुरू केलेली नाही, आणि जगातल्या बहुतेक धरणांनीही नाही. नुसत्या पाण्याने भूकंप होत नाही. खाली भेग असावी लागते, आणि ती आधीच सरकायच्या बेतात असावी लागते. पाणी फक्त शेवटचा धक्का देतं.

त्यामुळे १९६७ नंतर एक सोयीची पळवाट मिळाली. दख्खन हलत नाही, कोयना हा अपवाद, कारण तिथे धरण आहे. आमच्या धंद्यातही हे नेहमी होतं. एखादा बग दिसला की 'ती एक स्पेशल केस आहे' म्हणायचं आणि तिकीट बंद करायचं.

ते तिकीट २६ वर्षांनी पुन्हा उघडलं.

किल्लारी परिसरात १९९२ च्या पावसाळ्यापासून जमीन गुरगुरत होती. शंभराहून अधिक छोटे धक्के बसले, ऑक्टोबरमधला एक चांगलाच जोराचा. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले. मग १९९३ च्या सुरुवातीला धक्के ओसरले आणि लोक पुन्हा घरात झोपू लागले. त्यात त्यांची काय चूक? त्या जागीही सरकारी नकाशात झोन १ असंच लिहिलेलं होतं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र फार वरवर होतं, त्यामुळे थोड्या भागावर सगळा जोर आला. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी यांच्यासारखी गावं काही सेकंदांत आडवी झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ जातो. इतर नोंदींत तो दहा हजारांपर्यंत दिसतो.

आमच्या आजीला ती रात्र आठवते. "मांडणीवरची भांडी वाजली. म्हणलं मांजरच आलं. उठून बघती तर कंदील झुलतोय." केमला एवढंच झालं. सकाळी रेडिओवर बातमी लागली.

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या शेतांत सुमारे एक किलोमीटरच्या पट्ट्यात जमीन उचलली गेलेली सापडली, काही ठिकाणी अर्ध्या मीटरहूनही अधिक. खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता. तिथे बोअर घेतलं तेव्हा काळा दगड ३३८ मीटरवर संपला, आणि त्याखाली पुन्हा तोच प्राचीन खडक. हीसुद्धा काळ्या दगडावरची रेघच. फक्त या वेळी ती जमिनीनेच ओढली होती.

माकणीच्या तेरणा धरणावर काहींनी बोट ठेवलं, पण त्यावर एकमत झालं नाही. मूळ कारणावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. भारताचा भूपट्ट पाच कोटी वर्षांपासून आशियावर डोकं घालतोय. तिकडे हिमालयात जो जोर लागतो त्याचा दाब सबंध भूपट्टात पसरतो, थेट आपल्या अंगणापर्यंत. खालच्या प्राचीन खडकात जुन्या जखमा आहेत आणि त्यांच्यावर लाव्हाने गोधडी पांघरली आहे. वरून काही दिसत नाही. दाब अगदी सावकाश साठतो आणि एखादी जखम हजारो वर्षांनी उघडते.

या 'हजारो वर्षांनी' मध्येच सगळी ग्यानबाची मेख आहे, असं मला वाटतं.

हिमाचलात जुनी घरं दगड आणि लाकडाचे थर आलटून पालटून रचून बांधतात, लाकूड सगळ्या भिंतींना बांधून ठेवतं. कच्छमधले गोल भुंगे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात बऱ्याच ठिकाणी उभे राहिले. तिथल्या गवंड्यांना सिद्धांत कुठे ठाऊक होते? पण आजोबा-पणजोबांनी भूकंप पाहिला होता. कुठलं घर पडलं, कुठलं राहिलं, हे लोक विसरले नाहीत, आणि पुढचं घर त्या आठवणीतून बांधलं गेलं. कडेजवळ राहण्याचा हा एक फायदा.

आपण भूपट्टाच्या मध्ये राहतो. आपल्याकडे भूकंप इतका क्वचित येतो की कुठल्याच गवंड्याच्या आज्याने तो पाहिलेला नसतो. आपल्या घरांना ऊन आठवतं, पाऊस आठवतो, दरोडेखोरही आठवतात (म्हणून तर त्या जाड भिंती आणि इवल्या खिडक्या), पण भूकंप आठवत नाही. शंभर वर्षं भिंत हलली नाही हे गवंड्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त इथल्या खडकाचं घड्याळ वेगळं चालतं. त्याच्या हिशोबाने शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही.

म्हणून आपल्याकडे हे काम घराच्या आठवणीवर सोडून चालत नाही. ते लिहून ठेवावं लागतं, नकाशात, नियमांत आणि भिंतीच्या आतल्या सळईत. २००२ च्या नकाशात झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला. म्हणजे 'इथे काहीच होणार नाही' असा भाग देशाच्या नकाशावर उरला नाही. १९७० साली बदल कोयनेनंतर झाला, २००२ साली किल्लारीनंतर. दोन्ही वेळा आधी माणसं गेली, मग रेघ सरकली.

आता परत आमच्या भिंतीकडे.

किल्लारीच्या पाहणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. बऱ्याच घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्याच होत्या, पण भिंती कोसळल्या होत्या. अडीच फुटांची भिंत पडतेच कशी? तर ती अडीच फुटांची नसतेच. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक दगडी पापुद्रा, मध्ये गोटे आणि माती. दोन्हींना शिवणारा आरपार दगड नसला तर हादऱ्यासरशी दोन्ही पापुद्रे दोन दिशांना फुगतात आणि फुटतात. त्यात चुन्याऐवजी माती, आणि वर वर्षानुवर्षं साठलेलं माळवदाचं वजन.

हे मी अप्पांना सांगितलं. वेगेनर, गोंडवन, रियुनियन, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं मग?" (खरं आहे. तिकडे भट्टी कुठे का असेना, स्लॅबचं काय?) शेवटी मी गवंड्याला म्हटलं, मागच्या भिंतीतले दोन दगड काढा बरं. त्याने पहारीने काढले. आत मुठीत मावतील एवढे गोटे आणि भुरभुरीत माती. तीही वरून ओघळायला लागली. आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. पलीकडचा दगड हाताला लागला, पण या बाजूशी त्याचं काहीच नातं नव्हतं.

अप्पा बराच वेळ त्या भोकाकडे बघत उभे होते. मग आजीच बोलली, "तवा भांडी वाजली ती याच भितीवरची."

नंतर एका सिव्हिलवाल्या मित्राला घेऊन गेलो. ठरलं ते असं. जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही. स्लॅबची खोली मागच्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या कॉलमवर, जुन्या घरापासून सुटी. जुन्या घराच्या माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. भिंतीत दर तीन-चार फुटांवर आरपार भोक पाडून त्यात आकड्याची सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पापुद्रे शिवले जातील. आणि माथ्यावर चारी भिंतींना धरून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा. यात नवीन काहीच नाही. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्यासोबत सोलापूरसह आजूबाजूच्या जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा कार्यक्रम सरकारने घेतला होता. तेव्हा हेच उपाय सांगितले होते. पत्रकं निघाली, गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. तीस वर्षांत आम्हीच ते विसरलो, इतकंच.

खर्च अंदाजापेक्षा वाढलाय. अप्पा अधूनमधून फोनवर त्यावरून टोमणा मारतात. माळवदावरची माती उतरवायला घेतली तर चौदा ट्रॉल्या निघाल्या. चौदा! इतकी वर्षं आम्ही त्याखाली झोपत होतो.

किल्लारीसारखा धक्का केमला बसेल का? कदाचित माझ्या नातवंडांच्या नातवंडांच्या काळातही बसणार नाही. त्याची तारीख कुणी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. पण तुमचं गावाकडे दगड-मातीचं घर असेल, आणि घरच्यांच्या मनात त्यावर स्लॅब टाकायचं असेल, तर पुढच्या सुट्टीत भिंतीतले दोन दगड काढून बघा. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

असो. बराच लांबला लेख. मी या विषयातला तज्ज्ञ नाही, तेव्हा चू.भू.द्या.घ्या.